मास्तर बदला!

पहिल्यांदा तो आवाज एकट्याचा होता. हॅलोजनचा उजेड जिथे संपतो तिथून, मोहाच्या झाडाखालून आला. "मास्तर बदला!" दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यात पाच-सात आवाज मिसळले होते. आमच्यावर तिसरा लोण चढला आणि मग बांधावर बसलेली अख्खी रांगच ओरडायला लागली.

जानेवारीतली रात्र होती. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर गावकऱ्यांनी कबड्डीचे सामने भरवले होते. भात निघालं की खाचरातली धसकटं उपटायची, ढेकळं फोडायची, पाणी मारून जमीन चोपायची आणि फक्कीच्या रेषा ओढायच्या, असं ते मैदान. खांबाला बांधलेला कर्णा, चादरी पांघरून बसलेल्या बाया, पोरं बापांच्या खांद्यावर. आमच्या महाविद्यालयाचा संघ म्हणजे घरचाच संघ. बारा गड्यांपैकी चौघं त्याच पंचक्रोशीतले. समोर किनारपट्टीकडून आलेला संघ होता. मध्यंतरालाच सामना आमच्या हातून गेला होता.

मी राखीव गड्यांजवळ उभा होतो. त्या आरोळ्या ऐकून माझे कान तापले. मनात पहिला विचार आला तो असा, की या लोकांना काय माहीत मी इथे कशा परिस्थितीत काम करतो! सामना संपल्यावर मी पोरांशी चार शब्दही बोललो नाही. टेम्पोत पुढे बसलो आणि जव्हारपर्यंत रस्त्याकडे बघत राहिलो.

मी मूळचा रायगड जिल्ह्यातला. आमच्याकडे कबड्डी घराघरात. पावसाळा सरला की गावोगाव सामने, देवळासमोरची माती कधी मोकळी नसायची. मी खेळलो, एम.पी.एड. केलं आणि नोकरी शोधत जव्हारच्या डोंगरावर येऊन पोचलो. या पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून रुजू झालो. तालुक्यांची नावं ऐकून होतो. जव्हार म्हणजे मुकण्यांचं जुनं संस्थान, जयविलास राजवाडा, दाभोसा धबधबा. मोखाडा म्हणजे त्याच्या पुढचा, त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा तालुका. याहून जास्त काही ठाऊक नव्हतं.

आल्यावर कळलं की इथले लोक कबड्डीवर जीव टाकतात. जुनी माणसं अजून तिला हुतूतू म्हणतात. २०१४ साली २६ जुलैला प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि त्याच आठवड्यात, १ ऑगस्टला, ठाणे जिल्ह्यातून पालघर हा वेगळा जिल्हा झाला. मी आलो तेव्हा या दोन्ही गोष्टींना काही वर्षं होऊन गेली होती. पण दोन्हींनी मिळून लोकांच्या मनात एक आशा पेरली होती, असं मला चहाच्या टपरीवर, एसटीत, बाजारात सतत जाणवायचं. जिल्हा आपला, खेळ आपला, तो आता टीव्हीवर दिसतो. मग आपली पोरं त्यात का नाहीत?

त्यामुळे आमचा संघ कुठेही खेळायला गेला की निकालाची वाट बघणारे पुष्कळ असत. सकाळच्या एसटीचा एक कंडक्टर होता. मी गाडीत चढलो की तिकिटाच्या आधी त्याचा प्रश्न यायचा, "सर, काय झालं काल?" मी म्हणायचो, "हरली पोरं." तो काही न बोलता तिकीट द्यायचा. सलग तीन हंगाम हेच चाललं. मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तिन्ही वर्षं आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो.

आम्ही का हरतो, याची कारणं माझ्याकडे होती आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे कबड्डीचं वर्ष आणि पाड्याचं वर्ष यांची गाठच पडत नाही. महाराष्ट्रात १५ जुलैला कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिनी कबड्डी दिन साजरा होतो. त्या दिवशी जव्हार-मोखाड्यात आभाळ फाटलेलं असतं. मैदानात घोट्याएवढं पाणी आणि माझे गडी आवणीला, गुडघाभर चिखलात, सकाळपासून वाकलेले. आवणी आटपते तोवर स्पर्धा तोंडावर येतात. त्या संपतात न संपतात तो दिवाळी येते, भात आणि नागली घरात येते, आणि दिवाळी झाली की पाडे रिकामे व्हायला लागतात. शेठकडून उचल घेतलेली असते. घरंच्या घरं भिवंडी, वसई, वाड्याकडे वीटभट्टीवर निघून जातात. ज्या कोरड्या महिन्यांत रायगडातली पोरं रोज संध्याकाळी मातीत उतरतात, त्या महिन्यांत माझे निम्मे गडी पहाटेच्या अंधारात विटा थापत असतात.

दुसरं कारण मॅटचं. आता मोठे सामने मॅटवर होतात. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, ते मातीवर आखा की मॅटवर, मोजमाप तेच. पण खेळ वेगळा. मातीवर अनवाणी पाय सरकतो, घसरत जाऊन मध्यरेषेला हात लावता येतो. मॅटवर बुटाचा तळवा पकड घेतो, वळायला वेग मिळतो, पण सरकायला गेलात तर गुडघ्याची साल निघते. आमच्या पोरांनी मॅट पाहिली ती थेट स्पर्धेच्या दिवशी. बूट पाच जोड, खेळाडू बारा.

तिसरं कारण वजनाचं. मोठ्या गटात ८५ किलोपर्यंतचा गडी चालतो. आमच्यातला सर्वांत भारी गडी साठीच्या आत. समोरच्या चढाईपटूने नुसती धडक दिली तरी आमची साखळी तुटायची. शिवाय शेवटची एसटी चुकू नये म्हणून सराव अर्ध्यावर टाकून पळणारी पोरं.

ही सगळी कारणं मी ठिकठिकाणी सांगत असे. प्राचार्यांना, सहकाऱ्यांना, टपरीवर टोकणाऱ्यांना. लोक मला धावपटू कविता राऊतचं उदाहरण देत. तिचं गाव सावरपाडा इथून दूर नाही. मोखाड्याहून त्र्यंबकच्या वाटेला लागलं की हरसूलचा तो मुलूख येतो. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक घेतलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. "तीही अशाच पाड्यावरची पोरगी ना, सर? मग आपलीच पोरं का हरतात?" मी म्हणायचो, धावणं एकट्याचं असतं, कबड्डीला सात जण लागतात. उत्तर चुकीचं नव्हतं. पण ते देताना मला सुटल्यासारखं वाटायचं, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती.

पाड्यावरच्या त्या रात्रीनंतर मी आठ दिवस रागात होतो. तासिकांचं मानधन वेळेवर मिळत नव्हतं, घरी जायला एक अख्खा दिवस लागत होता, आणि वर हे. राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. तो देण्याआधी त्या पाड्यावर जाऊन लोकांना एकदा सगळं सुनवावं, असं ठरवून मी एका रविवारी तिकडे गेलो.

समाजमंदिराच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली. मी उभा राहिलो आणि माझी यादी वाचली. मॅट नाही. बूट नाहीत. पोरांना खुराक नाही. दिवाळीनंतर संघ उरत नाही. एसटी थांबत नाही. "असा संघ घेऊन कोणी जिंकून दाखवावं," असं म्हणून मी बसलो.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग भिंतीला टेकलेले एक म्हातारबाबा बोलले. तरुणपणी ते हुतूतू खेळत, डावा गुडघा अजून वाकत नाही, हे मला नंतर कळलं. इथल्या बोलीत मोठ्या-धाकट्याला सरसकट 'तू'च म्हणतात. त्यात अपमान नसतो. ते त्यांच्या बोलीत जे बोलले ते माझ्या भाषेत असं: "मास्तर, हे सगळं आम्हाला माहीत आहे. आम्ही त्यातच राहतो. तू आमचंच आम्हाला सांगायला एवढ्या लांब आलास?"

मी म्हणालो, "मग मला बदला असं का ओरडलात?"

"हरलास म्हणून नाही ओरडलो," ते म्हणाले. "हरतात माणसं. आम्हीपण हरलो आहोत. पण तू बाहेर जाऊन आमची पोरं उपाशी असतात असं सांगतोस. ते ऐकून पोरगा घरी आला आणि दोन दिवस जेवला नाही."

मला लगेच आठवलं. त्या वर्षी विभागीय स्पर्धेत आम्ही वाईट हरलो होतो. समोरच्या संघाचे प्रशिक्षक माझ्याशी हात मिळवताना म्हणाले, पोरं चपळ आहेत तुमची. मला त्या कौतुकाने ओशाळल्यासारखं झालं आणि मी घाईघाईने म्हणालो, "काय करणार, आमचा कुपोषणाचा पट्टा. पोरांच्या पोटातच काही नसतं." पाठीमागे माझा डावा कोपरारक्षक बुटाची नाडी सोडत बसला होता. तो त्यानंतर सरावाला आला नाही. मी समजलो, गेला असेल भट्टीवर.

तो याच पाड्यावरचा होता.

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालकं कुपोषणाने दगावली आणि हा भाग साऱ्या देशाला ठाऊक झाला. तेव्हापासून बाहेरचा माणूस जव्हार-मोखाड्याचं नाव घेतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आधी तेच चित्र येतं. त्या दुःखाला कोणी नाकारत नाही, ज्यांनी लेकरं गमावली ते तर नाहीच नाही. पण तीस वर्षं एकाच कारणाने ओळखलं जाणं म्हणजे काय, हे मी कधी मनाला विचारलं नव्हतं. इथल्या लोकांना संघ हवा होता तो यासाठी. आपल्या गावाचं नाव कोणीतरी दुसऱ्या कारणासाठी घ्यावं, एवढ्यासाठी. आणि मी त्या संघाचा मास्तर असून पहिल्याच संधीला तीच जुनी ओळख पुढे केली होती, तीही स्वतःचा पराभव झाकायला.

म्हातारबाबा पुढे म्हणाले, "आमच्याकडे बोहाड्यात सोंग काढतात, बघितलंस ना? मुखवटा डोक्यावर चढवला की जड आहे म्हणून मधेच खाली ठेवता येत नाही. संबळ वाजतोय तोवर नाचायचं. जड आहे हे बघणाऱ्याला दिसतंच, ते त्याला सांगावं लागत नाही."

खिशातला कागद मी तिथे काढला नाही. नंतर घरी जाऊन फाडला.

त्यानंतरच्या रविवारी मी भिवंडीच्या बाजूला त्या मुलाच्या भट्टीवर गेलो. भट्टीचं काम मध्यरात्रीनंतर, गारव्यात सुरू होतं. मी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं, थापलेल्या ओल्या विटांच्या ओळी लांबवर पसरल्या होत्या आणि तो खोपीच्या सावलीत बसून पुस्तक वाचत होता. परीक्षेला येणार होता तो. मला बघून उठला. त्याच्या आईने पाणी दिलं. मी त्याची माफी मागितली. शब्द जुळवून गेलो होतो, पण ऐनवेळी एवढंच म्हणता आलं की मी तसं बोलायला नको होतं.

तो खाली बघत म्हणाला, "सर, मी उपाशी नव्हतो. भाकर खाऊन आलो होतो. मला पट काढायला उशीर झाला, म्हणून तो गडी सुटला."

हे वाक्य मी आजवर विसरलो नाही. पट काढायचा म्हणजे चढाईला आलेल्याचे दोन्ही पाय एकदम ओढून घ्यायचे. डाव्या कोपऱ्यावरच्या गड्याचं ते मुख्य हत्यार. चढाईपटूचा पुढचा पाय जमिनीला टेकतो आणि वजन त्यावर येतं, तो क्षण धरावा लागतो. जरा उशीर झाला की तो पाय मागे जातो. त्या सामन्यात त्याचा तो क्षण चुकला होता. ती त्याची चूक होती, खेळाडूची, शिकून सुधारता येईल अशी. मी मात्र ती चूक त्याच्याकडून काढून घेतली आणि तिच्या जागी त्याची गरिबी ठेवली. चूक असेल तर उद्या दुरुस्त करता येते. गरिबीला तो एकटा काय करणार होता? त्याला मी खेळाडू ठेवलंच नव्हतं.

त्याच भट्टीवर संध्याकाळी मजुरांची पोरं राखेच्या ढिगाशेजारच्या मोकळ्या जागेत कबड्डी खेळत होती. माझ्या संघातले आणखी दोघं त्यात होते. सराव बंद पडतो असं जे मी सगळ्यांना सांगत होतो, ते खरं नव्हतं. सराव चालू होता, फक्त तिथे मी नव्हतो.

पुढच्या वर्षभरात मी काय केलं ते सांगतो. त्यात थोर काही नाही. पहिल्याच वर्षी करायला हवं होतं ते चौथ्या वर्षी केलं.

आधी सगळ्या गड्यांच्या घरी जाऊन आलो. कोण कुठून किती चालून एसटी पकडतो, आवणी कधी संपते, घरातलं कोण भट्टीवर जातं, हे वहीत लिहून काढलं. मग बाराही जणांना रोज महाविद्यालयाच्या मैदानावर बोलावणं सोडून दिलं. पाड्यांप्रमाणे तीन-तीन, चार-चार जणांच्या तुकड्या केल्या. पकडीचा सराव मुळात दोघा-तिघांचाच असतो. कोपरा आणि त्याच्या शेजारचा गडी यांचं जमलं की अर्धा बचाव उभा राहतो. त्यासाठी खळ्याएवढी जागा पुरते. शनिवार-रविवारी सगळे एकत्र. पावसात समाजमंदिराच्या ओट्यावर आणि आश्रमशाळेच्या पडवीत नुसत्या साखळ्या घोटल्या. मॅट असलेल्या ठिकाणी विनंती करून महिन्यातून एकदा पोरांना नेलं, म्हणजे बुटाची पकड पायाला कळावी.

खुराकाचं मी टपरीवर सहज बोललो, तेही या वेळी मदत मागत, तक्रार करत नाही. ज्यांनी मला बदलायची मागणी केली होती त्यांच्यातूनच अंडी, शेंगदाणे, गूळ-हरभरे यायला लागले. एका घरून दर शनिवारी नागलीच्या भाकऱ्या यायच्या. कोणाच्या, ते पोरांनी मला मुद्दामच सांगितलं नाही.

आणि खेळ बदलला. हे सर्वस्वी म्हातारबाबांचं शिकवणं. एकदा ते काठी टेकत सरावाला आले आणि बघत बसले. मी पोरांकडून टीव्हीवरच्यासारखी धडक आणि कंबरपकड करून घेत होतो. ते म्हणाले, "मास्तर, ही वाऱ्याची पोरं आहेत, तू त्यांना दगड करायला बघतोस." मग ते उठले आणि वाकत नसलेला गुडघा तसाच ठेवून, काठीने मातीत पावलं काढून दाखवत राहिले. बसकं राहा, पायाकडे बघ, त्याच्या डोळ्यांकडे बघू नकोस. वर जाऊ नकोस, वर तो भारी आहे. खाली दोघं सारखेच असतात. आम्ही घोट्याची पकड आणि पट यांवर भर दिला. चढाईत ३० सेकंद पुरवून वापरायला शिकलो. समोर सहा किंवा सात गडी असतील तर बोनस रेषा ओलांडून गुण घ्यायचा आणि परत यायचं. आपले तीनच गडी उरले असतील तर घाबरायचं नाही, कारण तेव्हाची पकड अव्वल पकड, तिचे दोन गुण मिळतात. कमी माणसांत खेळायची सवय इथल्या पोरांना घरापासूनच होती.

भट्टीवर गेलेल्यांना परत आणणं माझ्या हातात नव्हतं. डाव्या कोपऱ्याच्या थोरल्या भावाने त्याचं काम अंगावर घेतलं, म्हणून तो दिवाळीनंतर वसतिगृहात राहू शकला. एका घरातल्या दुसऱ्या मुलाने जास्तीच्या विटा थापल्या तेव्हा आमचा बचाव उभा राहिला, हे मी विसरलो नाही. उरलेल्या दोघांना महिन्यातून एकदा भट्टीवर जाऊन भेटत राहिलो. परिस्थिती बदलायला झटावं लागतं; ती सांगत फिरलं की ती आणखी घट्ट बसते.

त्या काळात मी नाशिकच्या शैलजा जैन यांच्याबद्दल पुन्हा पुन्हा विचार केला. कबड्डीतल्या माणसांना त्यांची गोष्ट माहीत आहे. २०१० साली आशियाई स्पर्धेत महिलांची कबड्डी आली आणि भारताने पहिल्या दोन्ही वेळा सुवर्ण घेतलं. २०१८ साली जकार्त्यात अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असं हरवलं, आणि त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या शैलजाताई. परक्या देशात जाऊन त्या फारसी शिकल्या. मी विचार करायचो, ही बाई खेळाडूंशी बोलता यावं म्हणून एक अख्खी भाषा शिकली, आणि मी जव्हारात तीन वर्षं राहून माझ्या गड्यांच्या आयांशी चार वाक्यं त्यांच्या बोलीत बोलू शकत नाही. तेव्हापासून शिकायला लागलो. अजून चुकतो, पोरं सुधारून देतात.

त्या वर्षीच्या विद्यापीठ स्पर्धेत आम्ही पहिली फेरी जिंकलो. बाहेरच्या कोणाला ती बातमी वाटणार नाही. पण शिट्टी वाजली तेव्हा डावा कोपरा मैदानातच खाली बसला आणि दोन्ही हात मॅटवर ठेवून बराच वेळ तसाच राहिला.

दुसऱ्या फेरीत आमच्यासमोर तगडा संघ होता. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे होतो आणि दोन रिकाम्या चढायांनंतर आमची तिसरी चढाई आली. त्यात गुण आणला नाही तर चढाईपटू आपोआप बाद. मी माझ्या मुख्य चढाईपटूला पाठवलं. त्याचा दम गेला होता. त्याने आधीच्या दोन मिनिटांत दोन चढाया मारल्या होत्या. राखीवमधून आणलेला, बोनस चोरण्यात हुशार असा एक पोरगा ताज्या दमाचा होता आणि समोर सातही गडी उभे होते. बोनस घेतला असता तर बरोबरी झाली असती. मला ते दिसलं, पण नावाजलेल्या गड्याला डावलायचं धाडस झालं नाही. त्याची पकड झाली. आम्ही दोन गुणांनी हरलो.

परतीच्या प्रवासात मी पोरांना तेच सांगितलं, की चढाई चुकली नाही, पाठवणारा चुकला. चढाईपटू म्हणाला, "नाय सर, मीच हात आत घातला." मग मागच्या बाकावरून वाद सुरू झाला, कोणाचं काय चुकलं यावर. मनोरपासून विक्रमगडपर्यंत तो चालला आणि जव्हारचा घाट लागला तरी संपेना. पूर्वी हरून येताना गाडीत चिडीचूप असायची. आता जो तो आपली चूक पुढे करत होता, आपलीच वस्तू असल्यासारखी.

त्या आठवड्यात पाड्यावर गेलो तेव्हा मोहाखालच्या मंडळींनी मला घेरलं. राग होताच. पण ओरडणं वेगळं होतं. "मास्तर, सात गडी होते ना समोर? मग त्या बारक्याला का नाही पाठवलंस?" मी म्हणालो, चुकलं माझं. म्हातारबाबांनी काठी आपटली आणि म्हणाले, पुढच्या वेळी पाठव.

गेली काही वर्षं मी त्यांच्या रागाला भ्यायचो. आता कळतं की तो राग ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी मी खरा हरलेला असेन. जी माणसं संघावर रागावतात, त्यांनी तो आपला मानलेला असतो.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी लागली होती. मी चढलो. कंडक्टरने नेहमीप्रमाणे विचारलं, "सर, काय झालं काल?"

"हरलो," मी म्हणालो.

तिकीट फाडता फाडता त्याचा हात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने पुढचा प्रश्न विचारला.

"कितीनं?"

मी त्याला शेजारी बसायला जागा करून दिली आणि शेवटच्या मिनिटापासून सांगायला सुरुवात केली.